हाताने चालणारी तीनचाकी दान करायची, तर कुठे, कोणाला आणि तीच का?

गणेशोत्सवातील शिल्लक, पतसंस्थेचा धर्मादाय निधी किंवा वडिलांच्या स्मरणार्थ कुटुंबाने बाजूला काढलेली रक्कम हाताशी असली, की चालता न येणाऱ्या व्यक्तींना हाताने चालवायच्या तीनचाकी द्याव्यात, हा प्रस्ताव कोल्हापुरातल्या बैठकांत हमखास पुढे येतो. प्रस्ताव चांगला आहे आणि त्यामागची गरज खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे 8 कोटी लोकांना चाकाच्या खुर्चीची आवश्यकता आहे. अशी साधने गरीब देशांत किती जणांपर्यंत पोहोचतात, हे 2022 मध्ये या संघटनेने युनिसेफबरोबर काढलेल्या अहवालात दिसते. काही देशांत हे प्रमाण गरजूंच्या 3 टक्क्यांपर्यंत खाली आहे. म्हणून ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही आहे त्यांनी ते द्यावेच. फक्त देण्यापूर्वी दोन गोष्टींचा निर्णय नीट व्हावा. पहिली म्हणजे, मदत आफ्रिकेसारख्या दूरच्या प्रदेशात पाठवावी की आपल्या जिल्ह्यात करावी. दुसरी म्हणजे, द्यायची वस्तू तीनचाकीच असावी, की चाकाची खुर्ची, बॅटरीची गाडी किंवा आणखी काही.

परदेशात पाठवण्याचा विचार करणाऱ्यांसमोर सहसा एका अमेरिकन उपक्रमाचे उदाहरण असते. 1994 मध्ये तेव्हाच्या झैरेत, म्हणजे आजच्या काँगोत, काम करणारे धर्मप्रचारक लॅरी हिल्स यांनी मिसुरी राज्यातील कोलंबिया या गावचे धर्मोपदेशक मेल वेस्ट यांच्याकडे एक मागणी केली. पोलिओमुळे आणि भूसुरुंगांमुळे पाय गमावलेली माणसे जमिनीवरून सरपटत होती. त्यांच्यासाठी तिथल्या कच्च्या वाटांवर टिकेल अशी मजबूत गाडी हिल्स यांना हवी होती. अर्ल मायनर यांनी तिचा आराखडा केला. लाकूड आणि लोखंड वापरून केलेली, पुढच्या चाकाला हाताच्या पेडलने गती देणारी, मागे सामान ठेवायला जागा असलेली ही गाडी स्वयंसेवक आपापल्या कार्यशाळांत तयार करू लागले. आज हे काम ‘मोबिलिटी वर्ल्डवाइड’ या नावाने चालते आणि शंभराहून अधिक देशांत या गाड्या पोहोचल्या आहेत. एका गाडीचा खर्च साधारण 300 डॉलर, म्हणजे आपले 25 हजार रुपये किंवा थोडे अधिक, असा सांगितला जातो.

या गाडीच्या आराखड्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दवाखान्यातील गुळगुळीत फरशी तिच्या कर्त्यांनी गृहीत धरलेली नाही, तर चिखल, खड्डे आणि वाळू गृहीत धरली आहे. बसण्याची जागा खाली ठेवल्यामुळे जमिनीवरून सरपटत आलेल्या माणसाला कोणी उचलून न घेता स्वतः चढता येते. मागच्या जागेत पाण्याचे कॅन, सरपण किंवा विकायचा माल बसतो. माझ्या मते हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे, कारण घरातील पाणी आणून देणाऱ्या आणि बाजारात चार पैसे मिळवणाऱ्या माणसाचे घरातील स्थान बदलते.

तरीही कोल्हापुरातील दात्याने हाच मार्ग धरावा का, याचे उत्तर मला बहुतेक वेळा नकारार्थी द्यावे लागते, आणि त्याची कारणे व्यवहारातील आहेत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला 2,50,000 डॉलरच्या मर्यादेत परदेशी देणगी पाठवता येते, त्यामुळे बँकेतून पैसे पाठवणे शक्य आहे. पण परदेशी संस्थेला दिलेल्या रकमेवर प्राप्तिकरातील 80 जी ची सवलत मिळत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या वसाहतीतील एखादी कंपनी सामाजिक दायित्वाच्या निधीतून हे करू पाहत असेल, तर तिला ते दालन बंदच आहे, कारण कंपनी कायदा 2013 खाली हा खर्च भारतात झाला तरच धरला जातो. खेळाडूंच्या प्रशिक्षणासारखे थोडे अपवाद आहेत, पण त्यांत हे काम बसत नाही.

मग गाड्या इथेच तयार करून कंटेनरने पाठवाव्यात, अशी कल्पना कारखानदार मित्रांकडून येते. उद्यमनगरातील फॅब्रिकेटरला अशी गाडी करणे मुळीच अवघड नाही. ज्या शहराने शेतीची ऑइल इंजिने घडवली आणि ज्याच्या फौंड्रीतून देशभर वाहनांचे सुटे भाग जातात, त्याला पुढच्या चाकाचा एक चिमटा, एक पेडल आणि तीन चाके जमवणे म्हणजे काही दिवसांचे काम आहे. अडचण गाडी बंदरात उतरल्यावर सुरू होते. तिथल्या जकातीतून ती सोडवून घेणारी, लाभार्थी पाहून मापे घेणारी आणि दोन वर्षांनी बेअरिंग गेल्यावर दुसरे बसवणारी माणसे तिथे आधीपासून असावी लागतात. शिवाय आपल्या मापाचे टायर, चेन आणि एक्सल त्या गावच्या सायकल दुकानात मिळत नसतील, तर पहिला भाग तुटला की गाडी कोपऱ्यात उभी राहते. अमेरिकेतील राल्फ हॉचकिस यांनी हे फार आधी ओळखले होते. मोटरसायकल अपघातात स्वतःचे पाय लुळे पडलेल्या या अभियंत्याने 1980 पासून, निकाराग्वापासून सुरुवात करून, गरीब देशांतील कारागिरांना त्यांच्याच बाजारात मिळणाऱ्या सामानातून खुर्ची करायला शिकवले. जिथे वापर तिथेच निर्मिती आणि तिथेच दुरुस्ती, ही त्यांची दिशा मला वस्तू पाठवण्यापेक्षा अधिक पटते.

परदेशातील गरजूंसाठीच काही करण्याचा ज्यांचा निश्चय आहे, त्यांना रुपयांत आणि देशातच देणगी देण्याचा एक चांगला मार्ग आहे. 1975 मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपूरमध्ये स्थापन केलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती, म्हणजे जयपूर फूटसाठी ओळखली जाणारी संस्था, आफ्रिका आणि आशियातील देशांत शिबिरे घेते. महात्मा गांधींच्या जन्माच्या दीडशेव्या वर्षानिमित्त 2018 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ‘इंडिया फॉर ह्युमॅनिटी’ हा उपक्रम याच संस्थेबरोबर सुरू केला. परदेशातील शिबिरांत भर कृत्रिम पायांवर असतो, पण मापे घेणारे तंत्रज्ञ स्वतः तिथे जातात. बंद खोक्यातून आलेल्या वस्तूला ही सोय नसते.

रस्त्यावरची गाडी आणि घरातली खुर्ची

वस्तूची निवड हा तुलनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि बैठकांत त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो.

तीनचाकी हे रस्त्यावरचे वाहन आहे. हाताच्या पेडलला चेन आणि गिअरचा फायदा मिळत असल्याने चाकाच्या खुर्चीची रिम ढकलण्यापेक्षा कमी श्रमात ती लांब जाते. बांबवड्याच्या बाजाराला किंवा हातकणंगल्याच्या स्टँडवर रोज जाऊन धंदा करणाऱ्या माणसाला तिच्याइतके स्वस्त आणि भरवशाचे दुसरे साधन नाही. पण ती घराच्या दारातून आत जात नाही, न्हाणीघरात जात नाही, आणि शाळेच्या वर्गात बाकाजवळ उभी करता येत नाही. चाकाच्या खुर्चीचे अगदी उलट असते. ती घरात, दवाखान्यात आणि सपाट आवारात उपयोगी पडते, मात्र पुढची लहान चाके कच्च्या रस्त्यावरच्या दगडात अडकली, की बसलेला माणूस तोंडावर पडण्याचा धोका असतो. म्हणजे या दोन वस्तू एकमेकींच्या जागी चालत नाहीत. एकाच माणसाला दोन्ही लागू शकतात, आणि पैसे मर्यादित असतील तर दहा जणांना एकेक वस्तू देण्यापेक्षा पाच जणांना दोन्ही देणे अधिक उपयोगाचे ठरू शकते. वाटपाच्या फलकावर लाभार्थ्यांचा आकडा लहान दिसेल, हे खरे.

या दोन्हींमधली दरी भरून काढण्याचे प्रयत्न झालेले आहेत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एमॉस विंटर यांच्या गटाने तरफांनी चालणारी खुर्ची तयार केली आणि तिच्या चाचण्या भारतातही घेतल्या. तरफ वरच्या टोकाला धरली की जोर जास्त मिळतो आणि खडबडीत वाट ओलांडता येते. खाली धरली की सपाट रस्त्यावर वेग मिळतो. घरात आल्यावर तरफा काढून ठेवल्या की ती साधी खुर्ची होते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन या कंपनीने शरीराच्या मापाने केलेली खुर्ची आणि तिला पुढून जोडायचे मोटारीचे चाक बाजारात आणले, ज्यामुळे घरातली खुर्चीच रस्त्यावरची गाडी बनते. शहरात नोकरी करणाऱ्या तरुणासाठी ही जोडी फार चांगली आहे. मात्र सुरुवातीच्या दराने दोन्ही मिळून ती एक लाखाच्या जवळ जात होती, आणि साध्या तीनचाकीचा दर 10 हजारांच्या आसपास असतो, एवढे अंतर दान देणाऱ्या मंडळाने ध्यानात घ्यावे.

स्वस्त खुर्चीचे टोक पाहायचे तर डॉन शोएंडॉर्फर यांचे काम आहे. 2001 मध्ये त्यांनी बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीला सायकलची चाके लावून तयार केलेल्या पहिल्या खुर्च्या भारतातच दिल्या, आणि त्यांच्या ‘फ्री व्हीलचेअर मिशन’ने तेव्हापासून 10 लाखांहून अधिक खुर्च्या वाटल्या आहेत. हा आकडा आदर वाटावा असाच आहे. पण सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची देण्यावर जगभरच्या तज्ज्ञांनी आक्षेप घेतला, आणि पुढे या संस्थेनेही मापे जुळवता येतील अशा खुर्च्या आणल्या. या आक्षेपाचा गाभा समजून घ्यावा, कारण तो तीनचाकीलाही तंतोतंत लागू आहे.

मणक्याला इजा झालेल्या व्यक्तीला कमरेखाली संवेदना नसते. आपण खुर्चीत बसल्या बसल्या नकळत कूस बदलतो, कारण दुखू लागते. तिला दुखतच नाही. रेक्झिनच्या पातळ गादीवर बसून ती तासन्‌तास तीनचाकी चालवत राहिली, की बैठकीच्या हाडांखालची कातडी दबून रक्तपुरवठा बंद होतो आणि जखम होते. अशी जखम भरायला महिने लागतात, आणि जंतुसंसर्ग वाढला तर ती जिवावर बेतते. म्हणजे चांगल्या हेतूने दिलेली गाडी योग्य उशी आणि ठरावीक वेळाने हातांवर शरीर उचलण्याचे शिक्षण यांच्याशिवाय त्या माणसाला अपाय करू शकते. पोलिओ झालेल्याची गोष्ट वेगळी असते. पोलिओत स्नायू दुबळे होतात, पण संवेदना शाबूत राहते. हात दणकट असले आणि पाठ सरळ राहत असली, तर तीनचाकी त्याच्यासाठीच केली आहे असे वाटते. पाय कापावे लागलेल्यांचेही बऱ्याच अंशी तसेच. अर्धांगवायू झालेल्याला, एकच हात चालत असल्यास, पेडल कोणत्या बाजूला आहे यावर सगळे अवलंबून असते, कारण पुष्कळ तीनचाकींत ते एकाच बाजूला बसवलेले असते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या लहान मुलाला तर मान आणि धड सांभाळणारी बैठक लागते; त्याला मोठ्या माणसाची तीनचाकी देऊन काही साधत नाही.

भारतात वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये आढळला. त्यामुळे पोलिओग्रस्त म्हणून तीनचाकी मागायला येणारा माणूस आता बहुधा मध्यम वयाचा किंवा त्याहून मोठा असतो, आणि वर्षानुवर्षे हातांवर भार टाकल्याने त्याचे खांदे दुखू लागलेले असतात. रस्त्यावरचे अपघात आणि उंचावरून पडणे यांमुळे मणक्याला इजा झालेले तरुणही गावोगाव आहेत. लाभार्थ्यांची यादी करताना ‘चालता येत नाही’ एवढीच नोंद घेतली, तर हे सगळे फरक तिच्यात बुडून जातात.

गाडी रोज वापरात असली की ती कशी होते, हेही जवळून पाहावे. बसस्थानकाबाहेर लॉटरीची तिकिटे विकणाऱ्या एका गृहस्थांच्या तीनचाकीच्या पेडलवरची मूळ मूठ कधीच गेली होती, आणि तिथे सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळलेली होती. बैठकीवर घडी घातलेले पोते होते. चेनला कव्हर नव्हते, त्यामुळे धोतराचा सोगा अडकू नये म्हणून ते तो उजव्या मांडीखाली दाबून ठेवत. ब्रेकची पट्टी झिजून गेली होती, आणि उतारावर ते हातमोजा घालून चाकालाच हात लावून वेग कमी करत. गाडी बाकी भक्कम होती. तिला लागत होत्या त्या पाच-सहाशे रुपयांच्या वस्तू आणि त्या बसवून देणारा माणूस.

बॅटरी लावावी का

पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड या भागांत चढ असे आहेत, की हाताची तीनचाकी तिथे एकट्याने चालवणे बहुतेकांना शक्य नसते. तिथे मोटारीची तीनचाकी योग्य वाटते, आणि दुखऱ्या खांद्यांच्या माणसाला तर ती सगळीकडेच योग्य आहे. मात्र तिची किंमत हाताच्या गाडीच्या चौपट तरी असते, बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, आणि त्या खर्चाची तरतूद दान देतानाच करून ठेवली नाही, तर गाडी त्या वेळी बंद पडते. पावसाळ्यात घाटमाथ्याच्या गावांत वीज किती वेळ असते, याचाही विचार व्हावा. सपाट शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत हाताची तीनचाकी उत्तम चालते, परंतु काळ्या मातीच्या पाणंदीत पावसाळ्याचे चार महिने चाके रुततात, आणि 2019 व 2021 सारखा पूर आला तर घर सोडताना जड गाडी मागेच राहते. पाण्यात बुडालेल्या तीनचाकीच्या बेअरिंगमध्ये गाळ बसतो; ती उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरल्याशिवाय पुन्हा वापरू नये.

सरकारकडून जे मिळते, ते आपण का विकत घ्यावे

केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून 40 टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असलेल्या आणि महिन्याचे उत्पन्न 22,500 रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तीला तीनचाकी, चाकाची खुर्ची, कुबड्या अशी साधने विनामूल्य मिळतात. 30,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असल्यास निम्म्या दराने मिळतात. कानपूरची अलिम्को ही 1972 मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी ती तयार करते. मोटारीची तीनचाकीही या योजनेत आहे, पण त्यासाठी वय किमान 16 आणि अपंगत्व तीव्र असावे लागते. याशिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा नियम आहे.

म्हणून जिल्ह्यात दान करणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे आहे, की जी तीनचाकी माणसाला हक्काने मिळू शकते ती आपल्या पैशाने विकत घेऊ नये. त्याऐवजी त्याचा कोल्हापुरातील सरकारी सीपीआर रुग्णालयातील तपासणीचा आणि दाखल्याचा हेलपाटा, ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज आणि शिबिरापर्यंतचा प्रवास आपण अंगावर घ्यावा. चालता न येणाऱ्या माणसाला आजरा किंवा चंदगडहून कोल्हापूरला येऊन पुन्हा परत जाण्यासाठी गाडी आणि सोबतीला एक माणूस लागतो, आणि याच एका कारणाने पुष्कळ जण योजनेबाहेर राहतात. मंडळाकडे गाड्याही असतात आणि माणसेही असतात. वाचलेला पैसा सरकार जे देत नाही त्यावर लावता येतो. त्यात मणक्याच्या रुग्णासाठी चांगली उशी, दारापुढचा सिमेंटचा उतार, न्हाणीघरातील आधाराचा दांडा, बॅटरीचा बदल आणि सर्वांत आधी दुरुस्ती यांचा समावेश होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये चाकाच्या खुर्च्या देण्यासाठी आठ टप्पे सांगितले. त्यांत तपासणी, मापे, बसवून पाहणे, वापराचे शिक्षण आणि नंतरची देखभाल हे सगळे येते, आणि प्रत्यक्ष वस्तू तयार करणे हा त्यांतील फक्त एक टप्पा आहे. आपल्या वाटपाच्या कार्यक्रमांत तोच एक टप्पा उरतो. व्यासपीठावर रांगेत उभ्या केलेल्या सारख्याच गाड्या, फ्लेक्स, पाहुण्यांच्या हस्ते किल्ली आणि फोटो यांनी कार्यक्रम शोभिवंत होतो, पण त्या दिवशी गाडीत बसलेल्या माणसाचे पाय पायदानापर्यंत पोहोचतात का, हे कोणी पाहत नाही. वाटपाआधी एक दिवस मापांसाठी ठेवावा, त्या दिवशी फिजिओथेरपिस्टला बोलवावे आणि फोटो दुसऱ्या दिवशी काढावेत.

निर्णय घेताना स्वतः चाकांवर वावरणाऱ्यांचा सल्ला कोल्हापुरात सहज मिळू शकतो. नसीमा हुरजूक यांनी, ज्या स्वतः तरुणपणापासून चाकाच्या खुर्चीवर आहेत, 1984 मध्ये इथेच ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अशा संस्थांत वाढलेल्या माणसांना कोणती बैठक टोचते आणि कोणती टिकते, हे अनुभवाने माहीत असते. खरेदीच्या समितीत अशी एक-दोन माणसे असावीत आणि त्यांचे मत दरपत्रकापेक्षा वरचे मानावे.

कराचा मुद्दा थोडक्यात सांगतो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच देणगीची 80 जी सवलत मिळते, वस्तूरूपाने दिलेल्या दानावर ती मिळत नाही, आणि 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवरही मिळत नाही. त्यामुळे स्वतः तीनचाकी विकत घेऊन देण्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेला धनादेशाने रक्कम देणे दात्यालाही सोयीचे पडते.

समजा, एखाद्या तालीम मंडळाकडे 1 लाख रुपये आहेत. मला विचाराल तर त्यातले 10 हजार दाखले, प्रवास आणि अर्ज यांसाठी ठेवावेत, म्हणजे साध्या तीनचाकी आणि खुर्च्या योजनेतून येतील. 40 हजारांतून उत्पन्नाची मर्यादा थोडक्यात ओलांडल्यामुळे किंवा खास मापाची गरज असल्यामुळे योजनेत न बसणाऱ्या दोन-तीन व्यक्तींना मापाने साधन करून द्यावे. 20 हजार उशांसाठी आणि घरातील बदलांसाठी असावेत. उरलेले 30 हजार तालुक्याच्या गावातील एखाद्या चांगल्या सायकल दुकानदाराशी दोन वर्षांचा लेखी करार करून दुरुस्तीसाठी बांधून ठेवावेत. त्या तालुक्यातील कोणतीही तीनचाकी, मग ती कोणीही दिलेली असो, त्या दुकानात आली की पंक्चर, चेन, ब्रेक आणि बेअरिंगचे काम विनामूल्य व्हावे, आणि दुकानदाराने महिन्याच्या शेवटी वहीतील नोंदी दाखवून मंडळाकडून पैसे घ्यावेत. त्या वहीत कोणता भाग सर्वांत जास्त वेळा बदलावा लागला, हे वर्षभरात कळेल, आणि पुढच्या वर्षीची खरेदी करताना उद्यमनगरातील कारागिराला तोच भाग अधिक मजबूत करायला सांगता येईल.